वसंतात दिनक्रमाचा तोल कसा साधावा: कोल्हापूरकरांसाठी फाल्गुन-चैत्राचे नियोजन

कोल्हापुरात वसंताची चाहूल लागते ती वर्षातील सर्वांत धावपळीच्या दिवसांत. जोतिबा-पन्हाळ्याच्या वाटेवर पांगारा आणि काटेसावर फुलते, आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या दिसू लागतात, पिंपळाला तांबूस पालवी फुटते. आणि त्याच आठवड्यांत दहावी-बारावीच्या परीक्षा, ३१ मार्चचे हिशेब, उसाच्या शेवटच्या तोडी, रंगपंचमी, पाडवा, जोतिबाची चैत्र यात्रा आणि घरातली वर्षाची चटणी एकावर एक येऊन पडतात. थंडीत जमलेला दिनक्रम या काळात टिकत नाही आणि उन्हाळ्याचा अजून बसलेला नसतो. झोप उडते, दुपारी सुस्ती येते, चिडचिड वाढते, आणि पुष्कळ माणसे हे सारे हवेवर ढकलून मोकळी होतात. हवा बदललेली असतेच. परंतु तिच्याबरोबर आपण काय, कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने बदलायचे हे आपल्याला ठरवता येते.

'अष्टांगहृदया'त वाग्भटाने मावळत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांना ऋतुसंधी म्हटले आहे आणि या काळात जुन्या ऋतूची चर्या हळूहळू सोडून नव्या ऋतूची हळूहळू धरावी, असे सांगितले आहे. सवयींबाबतही त्याचा सल्ला याच धर्तीचा आहे: अंगवळणी पडलेली अपथ्यकर गोष्ट एक चतुर्थांशाने सोडावी, आणि तेही जड जात असेल तर एक षोडशांशाने. वसंताविषयी आयुर्वेदात जे काही सांगितले आहे, त्यात मला हीच सूचना सर्वांत मोलाची वाटते. पाडव्यापासून पहाटे पाचला उठायचे, चहा बंद, गोड बंद आणि रोज पाच किलोमीटर चालायचे, असे चार संकल्प एकाच दिवशी धरणाऱ्याचे चारही संकल्प बहुधा एकदमच सुटतात. म्हणून पुढील पायऱ्या एकेक करून आणि शक्यतो याच क्रमाने घ्याव्यात. झोपेची वेळ सुधारण्याआधी रात्रीचे जेवण हलके करणाऱ्याला अकरा वाजता भूक लागते, आणि झोप व आहार बसण्याआधी व्यायाम वाढवणारा आठवड्यात थकून घरी बसतो.

आधी भार कागदावर मांडावा

सणांच्या तिथी चांद्रमासाच्या, तर परीक्षा आणि हिशेब इंग्रजी तारखांचे. त्यामुळे दरवर्षी त्यांची जुळणी वेगळी होते. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, म्हणजे हिशेबाच्या अखेरच्या दिवसाच्या आदल्या दिवशी आला, २०२६ मध्ये तो १९ मार्चला आहे आणि २०२७ मध्ये ७ एप्रिलला. गेल्या वर्षी जमले तसेच यंदा जमेल, हे गृहीत धरणे म्हणूनच फसवे ठरते. होळीच्या सुमारास एका कागदावर चैत्र पौर्णिमेपर्यंतचे साधारण चार आठवडे आखावेत आणि घरातील प्रत्येकाच्या वाट्याला येणारी कामे त्यांत लिहावीत. ज्याच्या हातून काम होते त्यानेच ते लिहावे. एकट्या कर्त्या पुरुषाने केलेल्या यादीत पापडाचे पीठ, पाहुण्यांची अंथरुणे आणि मुलांचे डबे सहसा येत नाहीत.

यादी झाल्यावर प्रत्येक कामापुढे एक खूण करावी: तारीख हलवता येत नाही, हलवता येते, किंवा वाटून घेता येते. बोर्डाची परीक्षा आणि ३१ मार्च हलत नाहीत, जोतिबाची यात्राही हलत नाही. परंतु घराची रंगरंगोटी, गावाकडचे देणे-घेणे आणि मित्रमंडळींची जेवणे पुढे नेता येतात, आणि चटणी तर निश्चितच नेता येते.

चटणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण या काळात घरातील बाईचा सर्वांत मोठा भार तोच असतो आणि त्याची गणना कोणी करीत नाही. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची पारखून आणणे, देठ खुडणे, उन्हात वाळवणे, मसाले भाजणे, कांदा-लसूण-खोबरे तयार करणे, मग डंकावर, म्हणजे मिरची कांडण्याच्या यंत्रावर, नंबर लावून कांडून आणणे, असे हे तीन-चार दिवसांचे काम आहे आणि त्याच्या आगेमागे कुरडया-पापडांचे वाळवण असतेच. घरात दहावीचा विद्यार्थी असताना मिरचीचा ठसका उठवण्यात अर्थ नाही. "आई, यंदा डंक परीक्षा संपल्यावर लावूया. मिरची मी आणतो, आणि देठ आपण सगळे मिळून रविवारी खुडू," हे वाक्य मुलाने किंवा नवऱ्याने आधी म्हटले, तर आठवडाभराची ओढाताण टळते. मात्र फार पुढेही ढकलू नये. एप्रिलच्या मध्यानंतर दुपारी वळवाचे ढग जमू लागतात आणि वाळत घातलेली मिरची भिजण्याची धास्ती असते. परीक्षा संपल्यानंतरचा पहिला मोकळा आठवडा यासाठी ठरवून ठेवावा.

शेवटी आठवड्यातील एक संध्याकाळ कोणत्याही कामाशिवाय रिकामी ठेवून ती कागदावर तशीच लिहावी. न लिहिलेली रिकामी संध्याकाळ दुसरे कोणीतरी भरून टाकते.

झोप आणि सकाळचा उजेड

अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास होतो, मावळतीची किरणे पश्चिमेच्या महाद्वारातून आत येऊन देवीपर्यंत पोहोचतात आणि शहराला सूर्य उत्तरेकडे सरकत असल्याचे प्रत्यक्ष दिसते. त्या सरकण्याचा आपल्या घड्याळावर होणारा परिणाम मात्र फारसा कोणी मोजत नाही. कोल्हापुरात जानेवारीच्या मध्यास सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, २० मार्चच्या संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या, सुमारास साडेसहाच्या थोडे पुढे, आणि एप्रिल संपताना सव्वासहाच्याही आधी. म्हणजे थंडीत लागलेली सातची जाग तशीच ठेवली, तर एप्रिलअखेर आपण उठेपर्यंत सूर्य पाऊण तासाहून अधिक वेळ वर आलेला असतो आणि दिवसातला गारव्याचा उत्तम भाग निघून जातो.

शरीरातील झोप-जागेचे चक्र मुख्यतः डोळ्यांवाटे मिळणाऱ्या उजेडावर चालते. सकाळचा उजेड हे चक्र अलीकडे ओढतो आणि रात्री उशिराचा उजेड ते पुढे ढकलतो. घरातील ट्यूबलाइट आपल्याला पुरेशी लख्ख वाटली, तरी सकाळी उघड्यावरचा उजेड, अगदी झाडाच्या सावलीतलासुद्धा, तिच्यापेक्षा कैक पटींनी तीव्र असतो; त्यामुळे खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचणे आणि बाहेर पडणे यांत मोठा फरक आहे.

उठण्याची वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. चार आठवड्यांत एक तास सहज मिळतो आणि कोणत्याही एका दिवशी शरीराला धक्का बसत नाही. रविवारीही हीच वेळ पाळावी, फार तर अर्ध्या तासाची सूट घ्यावी. उठल्यावर तासाभराच्या आत वीस ते तीस मिनिटे बाहेर घालवावीत. रंकाळ्याचा काठ, पंचगंगा घाट, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, टाउन हॉलची बाग, यांपैकी जे जवळ असेल ते योग्य. काहीच जवळ नसेल तर गच्ची पुरते. या अर्ध्या तासात मोबाइल खिशात ठेवावा. चालणे जोरात व्हावे अशी आवश्यकता येथे नाही, कारण या पायरीत महत्त्व उजेडाला आहे.

रात्रीची बाजू अधिक कठीण आहे. उठण्याची वेळ जितकी अलीकडे आली, तितकीच रात्रीच्या जेवणाची आणि निजण्याची वेळही आणावी लागते, आणि नऊनंतर बाहेर पडण्याची सवय असलेल्या या शहरात ते सोपे नाही. मित्रांबरोबर बाहेर जायचेच असेल तर आठवड्यातील एक ठरावीक रात्र त्यासाठी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीही ठरल्या वेळीच उठावे. राहिलेली झोप दुपारी वीस मिनिटांत भरून काढावी. वसंतात दिवसा निजू नये असे आयुर्वेद सांगतो, आणि दीड-दोन तासांच्या वामकुक्षीने रात्रीची झोप बिघडते हा पुष्कळांचा अनुभव आहे. वीस मिनिटांच्या पडण्याने तसे होत नाही. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी पाचनंतरचा चहा प्रथम अर्धा कप करावा आणि पुढच्या आठवड्यात सोडावा.

मार्चच्या उत्तरार्धापासून स्लॅबची घरे रात्री तापू लागतात, कारण दिवसभर शोषलेली उष्णता काँक्रीट उशिरापर्यंत सोडत राहते. दुपारी पश्चिमेच्या खिडक्या पडदे ओढून बंद ठेवाव्यात, बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि पाणी पुरेसे असेल तर मावळतीनंतर गच्चीवर शिंपडावे. निजण्यापूर्वी तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातील उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. थंडगार पाण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांना वरील वेळापत्रक लागू पडणार नाही. त्यांनी झोपेतील किमान चार तास सर्व पाळ्यांत समान राहतील असा प्रयत्न करावा, रात्रपाळी संपवून घरी येताना शक्य तितका उजेड टाळावा, खोली जाड पडद्याने काळोखी करावी आणि उठल्यावर, मग दुपारचे दोन का वाजलेले असेनात, उजेडात बाहेर पडावे. घरच्यांनी त्या खोलीचे दार वाजवू नये, हा नियम सर्वांनी मिळून पाळावा.

आहार: सोडण्याआधी जागा बदलावी

थंडीत साठलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होतो आणि भूक मंद करतो, अशी आयुर्वेदाची मांडणी आहे. म्हणून या ऋतूत जड, स्निग्ध, आंबट आणि गोड पदार्थ कमी करून हलके, रूक्ष, कडू आणि तुरट पदार्थ वाढवावेत असे सांगितले जाते. ही मांडणी कोणी मानो वा न मानो, ऊन वाढल्यावर थंडीतला आहार जड वाटू लागतो हे घरोघरी दिसते.

यासाठी बाजारात आलेल्या वस्तूच उपयोगी पडतात. डिंकाचे लाडू, तिळाची पोळी आणि बाजरीची भाकरी फाल्गुनात आटोपती घ्यावी आणि नव्या शाळूची भाकरी सुरू करावी. मूग, कारले, मेथी, दुधी आणि दोडका यांचे प्रमाण वाढवावे. दुपारी पातळ ताक, सकाळी नाचणीची आंबील, आणि चैत्रात कैरीचे पन्हे व आंबेडाळ हे सारे आपल्या घरांत होतेच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापुरते न ठेवता ते रोजच्या जेवणात आणावे. पन्ह्यात गूळ बेताने घालावा, कारण गुऱ्हाळाचा ताजा गूळ घरात असला की हात सैल सुटतो.

तांबडा-पांढरा सोडा, असे कोल्हापुरात सांगणे व्यर्थ आहे आणि त्याची गरजही नाही. चतुर्थांशाचा नियम येथे लावावा. आठवड्यातून चार वेळा मटण-चिकन होत असेल तर तीन वेळा करावे, आणि मुख्य म्हणजे ते रात्रीवरून दुपारी आणावे. रात्री दहाला तिखट, तेलकट रस्सा घेऊन अकराला आडवे होणाऱ्याला जळजळ आणि तुटक झोप ठरलेली असते. तेच जेवण रविवारी दुपारी एकला घेतले आणि रात्री मुगाची खिचडी घेतली, तर सोमवार निराळा जातो. मिसळीचेही तसेच: सकाळी उपाशीपोटी घेण्यापेक्षा आधी काही साधे खाऊन घ्यावी आणि कट बेताने मागावा. दूध कट्ट्यावरचे रात्रीचे दूध ज्यांना पचते त्यांनी खुशाल घ्यावे. ज्यांचे नाक सकाळी चोंदलेले असते त्यांनी पंधरा दिवस ते सोडून फरक पाहावा आणि मग आपले आपण ठरवावे.

पाडव्याच्या कडुलिंबाची पाने नुसती चावून तोंड वाकडे करण्यापेक्षा त्याची नीट चटणी करावी. कोवळी पाने आणि मिळाल्यास फुले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, थोडी चिंच, ओवा, हिंग आणि मीठ एकत्र वाटल्यास लहान मुलेही ती खातात. सुपारीएवढी गोळी पुरते. गर्भवती स्त्रियांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी कडुलिंबाचा रस रोज घेण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. वसंतात सांगितलेले वमनही (औषधाने उलटी करवणे) तज्ज्ञ वैद्यांच्या देखरेखीखालीच करायचे असते. घरी मीठपाणी पिऊन ओकाऱ्या काढणे धोक्याचे आहे.

व्यायाम: तालमीची शिस्त, उन्हाचे भान

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या आणि खासबाग मैदान उभे केलेल्या या शहरात मेहनत हा परका शब्द नाही, आणि तालमीत जोर-बैठका हळूहळू वाढवल्या जातात हे येथे सर्वांना ठाऊक आहे. घरी व्यायाम करणारा मात्र ती शिस्त विसरतो आणि पहिल्याच आठवड्यात दुप्पट मेहनत घेतो. नव्या उष्णतेची सवय होण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि रक्तातील द्रवभाग वाढतो. ही सवय थोड्या-थोड्या श्रमानेच लागते, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या व्यायामाचा तीन चतुर्थांशच भाग करावा.

चालताना सोबत्याशी बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतका वेग बहुतेकांना पुरेसा असतो. सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचपूर्वी मोकळ्यावर श्रम टाळावेत. जोतिबाला पायी जाण्याची इच्छा असणाऱ्यांनी आधीचे तीन रविवार अनुक्रमे पाच, आठ आणि बारा किलोमीटर चालून पाहावे, कारण शेवटचा डोंगराचा चढ थकलेल्या पायांनी चढायचा असतो. पहाटे लवकर निघावे, पाणी जवळ बाळगावे आणि मीठ-साखरेचे पाणी वाटेत घ्यावे. रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी, औषधे चालू असलेल्या ज्येष्ठांना ऊन वाढल्यावर उठताना चक्कर येऊ शकते. त्यांनी औषध परस्पर कमी न करता डॉक्टरांना सांगावे.

धूळ आणि धूर

तोडणीनंतर पेटवलेले पाचट, कारखान्यांच्या परिसरातील राख, वाऱ्याबरोबर उडणारे परागकण आणि रस्त्यांवरची धूळ यांमुळे या दिवसांत शिंका, डोळ्यांची खाज आणि दमा वाढतो. दम्याच्या रुग्णांनी रोजचा पंप बरे वाटते म्हणून बंद करू नये. शेतातून किंवा रंगपंचमीहून आल्यावर चेहरा धुऊन कपडे बदलावेत. ज्यांचे स्वतःचे शेत आहे त्यांनी पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून कुजवावे. जमिनीत ओल टिकते आणि शेजारच्या वस्तीतील मुलांचा खोकलाही कमी होतो.

मनाकडे लक्ष

वसंत म्हणजे उल्हास अशी समजूत असल्यामुळे या दिवसांत उदास असणाऱ्या माणसाला आपलेच काही चुकते आहे असे वाटते. वास्तविक ऋतू बदलताना मन खाली जाणे आणि अवाजवी वर जाणे हे दोन्ही घडते. थकवा, चिडचिड आणि तुटक झोप तीन-चार आठवडे वेळा सांभाळल्याने बहुधा ओसरते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी न वाटणे, जेवण तुटणे, जगणे नकोसे वाटणे, ही लक्षणे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. उलट बाजूची लक्षणे घरच्यांना अधिक फसवतात: माणूस दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजातवाना दिसतो, भराभर बोलतो, उधळपट्टी करतो, नवनवे बेत काढतो, आणि घरचे त्याला उत्साह समजतात. पूर्वी असे कधी झाले असेल किंवा द्विध्रुवी (बायपोलर) आजाराचे निदान असेल, तर झोप कमी झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांची गाठ घ्यावी आणि औषधे चालू ठेवावीत. टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

निकाल, हिशेब आणि पिकाचे पैसे या तिन्हींची प्रतीक्षा एकाच घरात चालू असते तेव्हा बोलणे तुटते. अशा वेळी मोठ्या चर्चेपेक्षा रात्रीचे एक जेवण टीव्ही बंद ठेवून एकत्र घेणे अधिक साधते. मुलाला पेपर कसा गेला हे सर्वांनी मिळून एकदाच विचारावे. बाबांनी, आजोबांनी, काकांनी आणि फोनवरून आत्याने वेगवेगळे विचारू नये.

चैत्र पौर्णिमेनंतर

यात्रा आटोपली आणि अंगावरचा गुलाल निघाला की होळीला केलेला कागद पुन्हा काढावा. कोणते काम दोघांच्या वाट्याला आले आणि कोणते अजूनही एकटीवरच राहिले, कोणत्या आठवड्यात झोप मोडली, रिकामी ठेवलेली संध्याकाळ किती वेळा रिकामी राहिली, हे त्यावर नोंदवावे आणि तो कागद पुढील वर्षाच्या पंचांगात ठेवून द्यावा. बसलेल्या सवयींत यापुढे फक्त वेळेचा बदल करावा: अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चालण्याची वेळ आणखी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी, संध्याकाळी वळवाचे ढग दिसल्यास उघड्या माळावर किंवा झाडाखाली न थांबता घर गाठावे, आणि माठ घासून नवे पाणी रोज सकाळीच भरावे.